तुरुंगाची दुरुस्ती: उक्तं काम की आयटम रेट?

ठाण्याचं कारागृह जुन्या किल्ल्यात आहे. अशा भिंती उकरल्या की काय काय निघतं, ते आम्हा ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. परदेशात मदतसंस्थेसाठी मी तुरुंगदुरुस्ती करतो, तिथंही पहिला वाद हाच: काम उक्तं, म्हणजे सगळ्याची एकच रक्कम ठरवून द्यायचं, की आयटम रेटवर, म्हणजे प्रत्येक बाबीचा दर ठरवून जेवढं काम मोजलं तेवढेच पैसे?

उक्त्यात रक्कम ठरलेली, मुख्यालय खूश. नवी टाकी, नवं छप्पर यांना ठीक. पण ड्रेनेज? रेडक्रॉसच्या मार्गदर्शनात २५ कैद्यांमागे किमान एक संडास धरतात. संडास वाढवले आणि खालची लाइन तीच ठेवली, तर तुंबणारच. चेंबरचं झाकण काढलं की आत घोंगडीचे तुकडे, चमचा, साबणाची वडी. पाइप फुटलाय की नुसता चोक आहे, हे खणेपर्यंत कळत नाही. उक्तेवाला मग एक तर आधीच दुप्पट भाव लावतो, नाहीतर वरून सिमेंट फासून मोकळा होतो.

आयटम रेटला रोजचं मोजमाप आलं, बजेट हलतं. शिवाय गेटवर अवजारं मोजून आत, मोजून बाहेर. एक पहार कमी भरली की सगळं ठप्प. त्या खोळंब्याचे पैसे कोण देणार, हे करारातच लिहा.

मी जमिनीखालचं आयटम रेटवर देतो, वरचं उक्तं.