१४ महिने वापरलेला फोन, सर्व्हिस सेंटरच्या ४ चकरा आणि एक माईक

फोन घेतला २९ ऑक्टोबर २०२४ ला, धनत्रयोदशीच्या दिवशी, नाशिकला एमजी रोडवर, १८,४९९ रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हा त्रास एकाच कंपनीचा नाही, आमच्या गावात वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन असलेल्या चार जणांनी मला जवळपास हीच कहाणी सांगितली. फोन कसा आहे ते आधी पटकन सांगतो. बॅटरी चांगली आहे, सकाळी ६ ला चार्जरवरून काढला की रात्री ९ पर्यंत जाते. उन्हात स्क्रीन दिसते, बागेत काम करणाऱ्याला हे महत्त्वाचं असतं. कॅमेरा दिवसा छान, संध्याकाळी बरा. हँग होत नाही. एवढ्यावर मी ५ पैकी ४ स्टार देऊन मोकळा झालो असतो.

पण फोन आपण बोलायला घेतो ना.

मी पिंपळगाव बसवंतच्या जवळचा, द्राक्ष बाग आहे. जानेवारीच्या शेवटी आमचा माल तयार व्हायला लागतो आणि तेव्हापासून मार्चपर्यंत सगळं फोनवर असतं, व्यापारी, मजूर टोळीचा मुकादम, क्रेटवाला, गाडीवाला. त्याच दिवसात सुरू झालं की समोरचा बोलता बोलता म्हणणार “हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये” आणि कट. मला त्याचा आवाज नीट यायचा, माझा त्याला जायचा नाही. आधी वाटलं रेंजचा प्रॉब्लेम, बागेत एका कोपऱ्यात रेंज जातेच. सिम बदलून बघितलं, बायकोचं सिम टाकून बघितलं, तेच. एकदा तर दराचं बोलणं चालू होतं, व्यापारी किलोमागे दोन रुपये वाढवायला तयार झालेला आणि मी “चालेल, उद्या गाडी पाठवा” म्हणतोय ते त्याला ऐकूच गेलं नाही, त्याला वाटलं मी मुद्दाम गप्प बसून अजून ताणतोय. परत फोन लावेपर्यंत त्याने दुसऱ्या बागेत सौदा करून टाकला. हे मी आयुष्यभर विसरणार नाही.

खरा वैताग असा की हा बिघाड कायम नव्हता. फोन लावला की पहिली ८-१० मिनिटं एकदम क्लिअर, फोन जरा गरम झाला की माईक बंद. पाच मिनिटं ठेवला की परत चालू. आणि स्पीकरवर टाकलं की आवाज जायचा! नंतर कळलं की फोनमध्ये एकापेक्षा जास्त माईक असतात, कानाला लावून बोलताना खालचा चालतो, स्पीकरवर बऱ्याच फोनमध्ये वरचा घेतला जातो. म्हणजे माझा खालचा माईक किंवा त्याच्या पुढची लाईन गेलेली.

६ फेब्रुवारीला पहिल्यांदा सर्व्हिस सेंटरला गेलो. पिंपळगावहून नाशिक तीसेक किलोमीटर, पण आडगाव नाका ते द्वारका या टप्प्यातच अर्धा तास जातो. टोकन घेतलं, दीड तासाने नंबर आला. काउंटरवरच्या मुलीने फोन घेतला, स्वतःच्या फोनवर कॉल लावला, “हॅलो हॅलो” केलं, अर्धा मिनिट. म्हणाली “सर, माईक ओके आहे.” मी म्हटलं ताई, दहा मिनिटांनी जातो, जरा चालू ठेवून बघा. मागे पंधरा माणसं उभी, ती तरी काय करणार, म्हणाली सॉफ्टवेअर अपडेट मारून देते, सेट होईल. अपडेट केलं, मोबाईलवर आलेला ओटीपी विचारला, मी सांगितला, घरी आलो. जॉबशीट, म्हणजे तक्रार आणि काम लिहिलेला कागद, दिली नाही, मी मागितली पण नाही. तो ओटीपी दिला म्हणजे “माझं काम झालं, मी समाधानी आहे” असं त्यांच्या सिस्टिममध्ये लागतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

घरी आल्यावर त्याच रात्री माईक परत गेला.

११ मार्चला दुसऱ्यांदा. यावेळी वाद घातला तेव्हा म्हणाले फोन जमा करा, आतला सबबोर्ड बदलू. सबबोर्ड म्हणजे खालची छोटी पट्टी असते, चार्जिंगचा पोर्ट आणि खालचा माईक त्याच्यावर बसवलेला असतो. फोन अनलॉक ठेवून द्या म्हणाले, डेटा उडेल म्हणून सही घेतली. मी बँकेचं आणि यूपीआयचं सगळं काढलं, फोटो माझ्या ताईच्या, बहिणीच्या लॅपटॉपमध्ये टाकायचं ठरवलेलं पण त्या दिवशी वेळ नव्हता, त्यामुळे बागेचे दोन वर्षांचे फोटो, कुठल्या ओळीत डावणी आली होती, कुठे भुरी (हे द्राक्षावरचे रोग), फवारणीच्या तारखा लिहिलेल्या वहीच्या पानांचे फोटो, सगळं गेलं. ११ दिवस फोन तिकडे होता. सिम बटणाच्या फोनमध्ये टाकलं, म्हणजे यूपीआय बंद, ऐन खुड्यात, म्हणजे द्राक्ष काढणीत, मजुरांना पैसे द्यायला रोज बँकेत. अण्णा म्हणायचे अरे टाक ना तो फोन, नवा घे. पण १८ हजार काय असेच येतात का.

फोन आला, तीन-चार आठवडे ठीक चालला, एप्रिलचं ऊन वाढलं आणि परत तेच. आता इथे माझी चूक झाली ती लिहितो म्हणजे दुसऱ्याची होणार नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, मग मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, मी ऑगस्टपर्यंत स्पीकरवर बोलून दिवस काढले आणि परत गेलोच नाही. बागेत स्पीकरवर बोलायचं म्हणजे पैशाचं सगळं बोलणं चार माणसात. पण रोज वाटायचं जाऊ पुढच्या आठवड्यात.

१६ सप्टेंबरला तिसऱ्यांदा गेलो. वॉरंटी २८ ऑक्टोबरपर्यंत होती. यावेळी वेगळा मुलगा होता. त्याने पिन घालून सिमचा ट्रे बाहेर काढला, टॉर्च मारली आणि मला म्हणाला “हे बघा दादा.” आत एक तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं स्टिकर असतं, पाणी लागलं की त्याचा रंग लाल किंवा गुलाबी होतो. माझ्या स्टिकरची एक कड फिक्कट गुलाबी होती, बाकी पांढरं. “लिक्विड डॅमेज, वॉरंटी गेली. मेन बोर्ड लागेल, ९,८४० रुपये.” मी म्हटलं अहो, बिघाड फेब्रुवारीपासून आहे, तेव्हा पाऊस कुठला? तो म्हणाला फवारणी करताना भिजला असेल. मी गळ्यात ब्लोअर अडकवून फोनवर बोलत नाही हो, फवारणीला जाताना फोन घरी ठेवून जातो, पण हे कुणाला पटवणार. जाहिरातीत फोनवर पाण्याचे थेंब उडताना दाखवतात आणि वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. दोन्ही एकाच कंपनीचं.

त्याने फेब्रुवारीची नोंद काढली, तिथे “सॉफ्टवेअर अपडेट, रिझॉल्व्ह्ड” एवढंच. मार्चची काढली, तिथे तक्रार म्हणून लिहिलेलं होतं “चार्जिंग स्लो”. माईकचं नावच नाही! मी चार्जिंगचं एक अक्षर बोललो नव्हतो. सबबोर्डच्या कामाला ठरलेला कोड टाकायचा म्हणून कुणीतरी टाकून दिलं असेल, पण कागदावर माझा माईक सात महिन्यात कधी बिघडलाच नव्हता. मी जिन्यात येऊन बसलो, डोळ्यात पाणी आलं खरं सांगतो.

संध्याकाळी सिडकोला ताईकडे गेलो. दाजी एका दुसऱ्याच कंपनीत क्वालिटीला आहेत, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले तू भांडू नको, पुरावा कर. त्यांनी फोनमध्ये साधं व्हॉइस रेकॉर्डरचं अ‍ॅप चालू केलं, फोन टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले बोलत राहा. मी एक ते हजार अंक म्हणत बसलो, स्क्रीनवर आवाजाच्या उभ्या रेघा वरखाली नाचत होत्या. समोर भिंतीवरचं घड्याळ दिसेल असा दुसऱ्या फोनने व्हिडिओ चालू. ११ मिनिटं झाली आणि त्या रेघा एकदम बसल्या, सरळ आडवी ओळ. मी बोलतोय, ताई बोलतेय, कुकरची शिट्टी झाली, ओळ हललीच नाही. दाजींनी फोन पंख्याखाली धरला, चार-पाच मिनिटांनी रेघा परत उठल्या. दाजी म्हणाले हे पाण्याचं लक्षण वाटत नाही, गरम झालं की सुटतं, थंड झालं की चिकटतं, कुठेतरी सोल्डर सुटलंय. मोबाईल रिपेअरवाले याला ड्राय सोल्डर म्हणतात.

आणि फेब्रुवारीचा पुरावा पण सापडला. फोन रीसेट झाल्यामुळे मेसेज गेलेले, पण काउंटरवर ईमेल घेतला होता आणि कामाबद्दल अभिप्राय द्या म्हणून मेल आलेला, त्याला मी तेव्हाच रागात उत्तर दिलं होतं की माईकचा प्रॉब्लेम तसाच आहे. तारीख ७ फेब्रुवारी. ते एक उत्तर नसतं तर मी आज इथे वेगळं लिहीत असतो.

दुसऱ्या दिवशी १९१५ ला फोन केला, ही केंद्र सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. त्यांनी तक्रार नोंदवून नंबर दिला, ते ती कंपनीकडे पाठवतात. एक समजून घ्या की हेल्पलाईन कंपनीला हुकूम देऊ शकत नाही, पण कंपनीच्या वरच्या ऑफिसला उत्तर द्यावं लागतं आणि काउंटरवरच्या माणसाच्या वर आपली गोष्ट जाते. बिल, मेल, मार्चची जॉबशीट, व्हिडिओ सगळं दिलं. सोबत दोन मुद्दे लिहिले. एक, माईकची तक्रार ७ फेब्रुवारीला लेखी दिलेली आहे. दोन, मार्चमध्ये फोन तुमच्याच माणसाने उघडला, मागचं पॅनल काढून परत चिकटवलं, तेव्हा स्टिकर पांढरं होतं म्हणूनच तुम्ही वॉरंटीत काम केलंत, मग त्यानंतर आत ओल गेली असेल तर ते पॅनल नीट बसलं होतं याची जबाबदारी कुणाची?

ग्राहक आयोगात जायची पण तयारी केली होती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील लागतोच असं नाही, ऑनलाईन पण होते, आणि मुदत दोन वर्षांची असते. हे मी त्या तक्रारीत शेवटी दोन ओळीत लिहिलं, धमकी म्हणून नाही, खरंच जाणार होतो.

आठव्या दिवशी कंपनीकडून एका मॅडमचा फोन आला. पहिल्यांदा कुणीतरी पूर्ण ऐकून घेतलं. १० ऑक्टोबरला परत जमा करायला सांगितलं. यावेळी मी काउंटरवर बसून जॉबशीटवर माझ्या शब्दात लिहून घेतलं, “कॉल सुरू झाल्यावर १० ते १२ मिनिटांनी खालचा माईक बंद, थंड झाल्यावर चालू”, आणि खाली “फोनला ओरखडा नाही, स्क्रीन ओके”. मुलगा म्हणाला एवढं बसत नाही दादा. म्हटलं मागच्या बाजूला लिहा. लिहिलं त्याने, शिक्का मारला. मग “पार्ट पेंडिंग”, “पार्ट पेंडिंग” करत २४ दिवस. ३ नोव्हेंबरला मेन बोर्ड बदलून मिळाला, एक रुपया घेतला नाही.

मेन बोर्ड बदलला की आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बहुतेक वेळा बदलतो हे लक्षात ठेवा. माझ्या बिलावर जुना नंबर आहे, फोनमध्ये स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की नवा दिसतो. फोन हरवला तर पोलिसात आणि सीईआयआरवर (हरवलेला फोन बंद करायची सरकारी वेबसाईट) हाच नंबर द्यावा लागतो, विकायचा म्हटलं तरी बिल आणि फोन जुळणार नाही. म्हणून जुना आणि नवा दोन्ही नंबर लिहिलेला कागद शिक्क्यासकट मागून घेतला. आधी देत नव्हते, अर्धा तास थांबलो, दिला. आणि ओटीपी यावेळी काउंटरवरच २० मिनिटं फोनवर ताईशी बोलून झाल्यावर दिला.

आता दोन महिने झाले, माईक एकदाही गेला नाही. बदललेल्या बोर्डाला ९० दिवसांची वॉरंटी आहे, ती १ फेब्रुवारीला संपते, मूळ वॉरंटी तर फोन त्यांच्याकडे पडून असतानाच संपली आणि ते वाया गेलेले दिवस मिळवून द्या म्हटलं तर नाही म्हणाले. यावर मी परत मेल केला आहे, उत्तर आलं की इथेच लिहीन. फोनला ४ स्टार, सर्व्हिसला १, तोही फक्त त्या मॅडमसाठी.

खुडा पुढच्या आठवड्यात सुरू होतोय. व्यापाऱ्याचा फोन आला की अजूनही माझ्या तोंडून दर दोन मिनिटांनी निघतंच, “शेठ, आवाज येतोय ना?”