पॅरिसच्या दुसऱ्या डिस्ने उद्यानाला उशिरा मिळालेले भांडवल
१९९२ मध्ये सुरू झालेले पॅरिसजवळचे डिस्नेलँड कर्जातून पुरते सावरलेले नसतानाच २००२ मध्ये त्याच्या शेजारी वॉल्ट डिस्ने स्टुडिओज हे दुसरे उद्यान उघडण्यात आले, आणि तेथील काटकसर गोदामवजा इमारतींतून व मोजक्या राइड्समधून पहिल्या दिवसापासून जाणवत राहिली. पहिल्या उद्यानातील किल्ल्यासमोर पाय आपोआप थबकतात. येथे थबकावे असे फारसे काही नव्हते. तिकीट मात्र पूर्ण उद्यानाचे! २०१७ मध्ये मूळ कंपनीने संपूर्ण ताबा घेऊन पुढच्याच वर्षी दोन अब्ज युरोंचा विस्तार जाहीर केला, हा निर्णय मला योग्य वाटतो. तळ्याभोवतीची नवी मांडणी आश्वासक आहे, तरी कुटुंबांना दिवसभर रमवणाऱ्या राइड्स पुरेशा वाढल्याशिवाय प्रेक्षक पुन्हा येतील असे वाटत नाही.