पेप्टाइड सीरम: आर्जिरेलीन, मॅट्रिक्सिल की निळी बाटली?

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी; सुरकुत्यांसाठीच्या सीरममध्ये ती घालतात. लेबलवरचा टक्का कशाचा आहे, हे आधी बघा. आर्जिरेलीनच्या बाटलीवर ‘१० टक्के’ लिहिलेलं असतं ते बहुधा कच्च्या मालाच्या द्रावणाचं. त्या द्रावणात खरं पेप्टाइड ०.०५ टक्के, म्हणजे तुमच्या हातात येतं ०.००५. टक्का कमी म्हणून माल वाईट असं नाही, पण ‘बाटलीतलं बोटॉक्स’ ही जाहिरात मात्र फुगवलेली. बोटॉक्स सुईने थेट स्नायूत जातं. आर्जिरेलीनचा रेणू सुमारे ८८९ डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक), आणि त्वचेतून सहज आत शिरायची मर्यादा ५००च्या आसपास मानतात. कपाळावरच्या बारीक रेषा थोड्या मऊ दिसतील. भुवयांमधली खोल घडी आहे तिथेच राहील.

मॅट्रिक्सिलची बाजू त्यामानाने भक्कम. कोलॅजेनच्या पूर्वरूपातला पाच अमिनो आम्लांचा तुकडा, त्वचेत मुरावा म्हणून त्याला जोडलेलं पामिटिक आम्ल. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९३ स्त्रियांनी १२ आठवडे तो चेहऱ्याच्या एका बाजूला लावला. मात्रा दहा लाखात फक्त ३ भाग. फरक छोटा, पण मोजता आला. ‘मॅट्रिक्सिल ३०००’ घेताना फसू नका: त्यात हे पेप्टाइड नसतं, दुसरीच दोन असतात.

निळी बाटली म्हणजे कॉपर पेप्टाइड, जीएचके-सीयू. रेणू लहान, निळा रंग त्यातल्या तांब्यामुळे. गडबड होते ती व्हिटॅमिन सी किंवा ग्लायकोलिक आम्ल त्याच्यावरच थापल्याने. आम्लात तांबं पेप्टाइडपासून सुटतं आणि सुटलेलं तांबं व्हिटॅमिन सी नासवतं. सी सकाळी, निळं रात्री. निळ्याचं हिरवट-तपकिरी झालं की बाटली टाकून द्या.

कुठलंही सीरम असो, चेहरा धुऊन दोन-तीन थेंब पुरे. सुकू न देता वर सिलिकॉनचं क्रीम चोळलं की मळासारख्या वळ्या निघतात. लोक दोष सीरमला देतात.

सीजेसी-१२९५, इपामोरेलिन, बीपीसी-१५७ या टोचून घ्यायच्या पेप्टाइडांच्या ‘फक्त संशोधनासाठी’ छापलेल्या कुप्या या तुलनेत धरलेल्याच नाहीत. तारुण्यासाठी यांतल्या एकालाही अमेरिकेच्या एफडीएची (औषध नियामक संस्थेची) मंजुरी नाही, आणि कुपीत काय भरलंय याची हमी कोणी देत नाही.

एकच घ्यायचं तर साधं मॅट्रिक्सिल. तेही सनस्क्रीन रोज लावत असाल तरच. नसाल तर आधी पैसे तिकडे घाला.