लागोसच्या औषध कंपनीत पैसे घालायच्या आधी हे वाचा

सांगलीत माझं औषधांचं होलसेल आहे, वीसेक वर्षं झाली, त्यामुळं औषधाच्या धंद्यात मला कोण फसवणार असं वाटायचं आणि नेमके तिथंच ३८ लाख गेले, त्यातले ६ लाख मेव्हण्याचे.

२०२२ च्या दिवाळीत ओळखीतून एक गृहस्थ आले, मूळचे मिरजेकडचे, पंधराएक वर्षं नायजेरियात, लागोसला. बोलणं एकदम आपल्यातलं, बायकोला वहिनी वहिनी म्हणत भाकरी मागून घ्यायचे. म्हणणं असं की तिथं वीस कोटींच्या वर लोक, निम्म्याहून जास्त औषधं बाहेरून येतात, त्यात आपल्याकडचा माल चिक्कार, तर शेठ आपण इम्पोर्ट आणि डिस्ट्रिब्युशनची कंपनी करू, ३० टक्के तुमचे. यातली देशाची माहिती सगळी खरी होती. पुढंही प्रत्येक वेळी तसंच झालं, खऱ्या गोष्टीच्या आड खोटं.

मालाची यादी दाखवली. पॅरासिटामॉल, मेट्रोनिडाझोल, कोट्रायमॉक्साझोल, बी कॉम्प्लेक्स आणि मलेरियासाठी आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन. पहिल्या चार तर माझ्या गोडाऊनमधून रोज खोक्यानं जाणाऱ्या वस्तू, मी तिथंच मार्जिन मांडायला लागलो. आणि नायजेरियात त्याच चार गोळ्या बाहेरून आणायला बंदी आहे, तिथल्या कारखान्यांना संरक्षण म्हणून. आयातबंदीची ती यादी तिथल्या कस्टम्सच्या वेबसाईटवर कुणालाही दिसते, पाच मिनिटांचं काम, मी केलं नाही.

बघायला मात्र गेलो होतो, डिसेंबरात, स्वतःच्या खर्चानं. इसोलो भागात मोठं गोडाऊन, रॅक, एसी, सगळं व्यवस्थित. मलेरियाच्या एका पाकिटावरचा कोड त्यांनी माझ्याकडून खरवडून घेतला आणि एसएमएस करायला लावला, लगेच उत्तर आलं की औषध अस्सल आहे. ही सोय तिथं खरंच आहे, बनावट औषधांचा त्रास इतका की नॅफडॅकनं, म्हणजे त्यांच्याकडच्या एफडीएनं, ती सुरू केली. पण त्या एसएमएसनं औषध खरं ठरतं, गोडाऊन कुणाचं हे ठरत नाही. त्या वेळी मला हा फरक सुचलाच नाही, मी गोडाऊनसमोर उभं राहून फोटो काढून घेतला.

पैसे दुबईच्या त्यांच्या खात्यावर पाठवायचे, कारण लागोसला टाकले तर नायरात, म्हणजे तिथल्या चलनात, अडकतात, आणि बँकेच्या फॉर्मवर कारण लिहायचं गिफ्ट, म्हणजे कागदपत्रं कमी. तीन हप्त्यांत पाठवले. माझ्या सीएला मी हे नंतर सांगितलं, तो डोक्याला हात लावून बसला. परदेशी कंपनीत शेअर घ्यायचे तर बँकेमार्फत तसा फॉर्म भरायचा असतो, आणि नायजेरियात पैसा बँकेतून रीतसर आत आला की तिथली बँक सर्टिफिकेट ऑफ कॅपिटल इम्पोर्टेशन देते. ते नसेल तर उद्या नफा झाला तरी अधिकृत मार्गानं डॉलर करून बाहेर आणता येत नाही. कुणी तुम्हाला हे सर्टिफिकेट न देता भागीदार म्हणत असेल तर तिथंच थांबा.

मग कारणं सुरू झाली. जून २०२३ मध्ये तिथल्या सरकारनं नायराचा भाव बाजारावर मोकळा सोडला, डॉलरला साधारण ४७० होता तो पुढच्या फेब्रुवारीपर्यंत १५०० च्या आसपास गेला. ऑगस्टमध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाईन या मोठ्या औषध कंपनीनं तिथला धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. या बातम्या मी स्वतः वाचत होतो, म्हणून उलट मीच फोनवर त्यांना धीर द्यायचो की होईल नीट, आम्हाला घाई नाही. फेब्रुवारी २०२५ ला नॅफडॅकनं इडुमोटा, ओनित्शा आणि आबाचे औषधबाजार सील केले, लगेच निरोप आला की आपला माल आत अडकलाय. ती कारवाईसुद्धा खरी होती. आपला माल कधी नव्हताच.

शेवटी उलगडा केला तो त्या गोडाऊनच्या फार्मासिस्ट बाईंनी, त्यांचं कार्ड माझ्याकडं राहिलं होतं. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून विचारलं तर म्हणाल्या हे गोडाऊन आमच्या कंपनीचं, तुमचे गृहस्थ इथं क्लिअरिंगच्या, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवायच्या, कामाला यायचे. त्यांनीच दोन ठिकाणं सांगितली. एक नॅफडॅकचं ग्रीनबुक, त्यात रजिस्टर औषध कुठल्या अर्जदाराच्या नावावर आहे ते दिसतं, आणि आमच्या मलेरियाच्या गोळ्या भलत्याच कंपनीच्या नावावर निघाल्या. दुसरं तिथलं कंपनी रजिस्टर, सीएसी, तिथं आमची कंपनी इनॅक्टिव्ह. आपल्याकडं नायजेरियन म्हटलं की लोक लगेच फ्रॉड म्हणतात, ते मला आता ऐकवत नाही, कारण मला लुबाडणारा मिरजेकडचा आणि काही संबंध नसताना रात्री दहाला बसून मला समजावणारी बाई लागोसची.

आर्थिक गुन्हे शाखेत अर्ज दिलाय, पण पहिलाच प्रश्न आला की साहेब फॉर्मवर तर तुम्ही गिफ्ट लिहिलंय. आता व्हॉट्सॲपचे मेसेज आणि व्हॉइस नोट जोडून दाखवतोय. मेव्हणा चांगला आहे, काही बोलत नाही, पण गणपतीला आला नाही.

आणि हे लिहायला घेतलं कारण गेल्या आठवड्यात नाशिकच्या एका केमिस्टचा फोन आला, मला म्हणाला, तुम्ही लागोसच्या कंपनीत पार्टनर आहात ना, पैसे भरण्याआधी म्हटलं एकदा बोलून घ्यावं. त्याला दाखवलेल्या फाईलमध्ये माझा त्या गोडाऊनसमोरचा फोटो आहे, खाली माझं नाव आणि सांगलीच्या दुकानाचा पत्ता. दुकानाचा नंबर त्यानं शोधून फोन केला म्हणून वाचला, अजून किती जणांकडं ती फाईल गेलीय मला माहीत नाही, पण त्या फोटोतला माणूस मी आहे आणि मी कुणाचा पार्टनर नाही.