व्हिएन्ना की प्राग? हातात चारच दिवस असतील तर

संगीत ऐकायचंय, जुन्या वास्तूही पाहायच्यात आणि रजा मोजकी आहे, अशांची यादी बहुधा ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना आणि चेकियातलं प्राग या दोन नावांवर येऊन अडते. मधलं अंतर रेल्वेने चारेक तासांचं, म्हणून दोन-दोन दिवस वाटून घ्यायचा मोह होतो. माझ्या मते तो टाळावा. संध्याकाळच्या मैफली हातच्या जातात आणि सामान बांधण्यातच वेळ सरतो.

संगीत हेच पहिलं कारण असेल तर व्हिएन्ना. तिथलं स्टेट ऑपेरा हे संगीतनाट्यगृह १८६९ साली मोझार्टच्या 'डॉन जिओव्हानी' या संगीतनाटकाने सुरू झालं. १९४५च्या बॉम्बहल्ल्यात ते बरंचसं जळालं आणि १९५५ साली पुन्हा उघडलं. हंगामात जवळजवळ रोज प्रयोग असतो, तोही बहुतेकदा आदल्या दिवशीपेक्षा वेगळा. बसायची तिकिटं महाग, पण उभ्याने ऐकायच्या शेकडो जागा अगदी थोडक्या युरोंत मिळतात. कठड्याला स्कार्फ बांधून जागा धरायची तिथली रीत आहे. एसटीत रुमाल टाकणाऱ्याला ती समजावून सांगावी लागत नाही. म्युझिकफेराइन या मैफलींच्या वास्तूतल्या सोनेरी सभागृहातही उभ्याच्या जागा असतात. मुंबईचे वाद्यवृंद संचालक झुबिन मेहता १९५४ साली, अठराव्या वर्षी, याच शहरात शिकायला गेले आणि पुढे त्याच सभागृहात त्यांनी नववर्षाची मैफल पाच वेळा संचालित केली. तिथे उभं राहताना हे आठवून ऊर भरून येतो.

रस्त्यात जुन्या पोशाखात तिकिटं विकणारे भेटतील. त्यांच्याकडून घेऊ नका, सभागृहाच्या खिडकीवर जा.

वास्तूंच्या बाबतीत मात्र मी प्रागला झुकतं माप देईन. व्हिएन्नाचा रिंगस्ट्रासे, म्हणजे जुन्या शहराभोवतीचा वर्तुळाकार रस्ता, भव्य आहे, पण १८५७ साली तटबंदी पाडायचा हुकूम निघाल्यावर तो पन्नासेक वर्षांत उभा राहिला: संसद ग्रीक धाटणीची, नगरभवन मध्ययुगीन गॉथिक धाटणीचं. प्रागमध्ये शतकं खरोखर शेजारी नांदतात. पंधराव्या शतकातल्या पावडर टॉवरला लागून १९१२चं म्युनिसिपल हाऊस, तिथून दोन मिनिटांवर काळ्या मॅडोनाचं क्युबिस्ट घर, पुढे चौकात १४१०चं खगोलीय घड्याळ. क्युबिझम, म्हणजे कोनाकोनांच्या भौमितिक आकारांची शैली, चित्रांत सगळीकडे भेटतो, घराच्या भिंतींत उतरला तो मुख्यतः याच भूमीत. किल्ल्यावरच्या सेंट व्हिटस चर्चचं काम १३४४ साली सुरू झालं आणि १९२९ साली पुरं झालं.

संगीतात प्राग कमी आहे असं नाही. 'डॉन जिओव्हानी'चा पहिला प्रयोग इथल्याच इस्टेट्स थिएटरात २९ ऑक्टोबर १७८७ रोजी झाला, संचालनाला खुद्द मोझार्ट. ते थिएटर आजही चालू आहे. दर वर्षी १२ मेला, चेक संगीतकार स्मेतानाच्या पुण्यतिथीला, त्याच्या 'मा व्लास्त' या वाद्यवृंद-रचनेने प्राग स्प्रिंग हा संगीत महोत्सव सुरू होतो. मुलांच्या उन्हाळी सुट्टीत जाणार असाल तर मी डोळे झाकून प्राग निवडेन. दिवाळीच्या सुट्टीत व्हिएन्ना. जुलै-ऑगस्टमध्ये व्हिएन्नाचं ऑपेरा बंद असतं, तेव्हा वास्तूंसाठी प्रागच बरं.

खर्च प्रागला कमी. चलन मात्र युरो नाही, कोरुना. सोबत गुडघे दुखणारे आई-वडील असतील तर व्हिएन्ना: रस्ते सपाट, ट्राम दारात. प्रागचे दगडी, चढउताराचे रस्ते त्यांना जड जातात. आणि दोन्ही देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो, तेव्हा हा निर्णय तिकिटं काढण्याआधीच घ्या.