पुढे ‘रीफ सेफ’, मागे ऑक्टोक्रायलीन

देवबागला आमचं दोन खोल्यांचं घरगुती निवास आहे. नवरा पर्यटकांना होडीतून स्नॉर्कलिंगला नेतो, दिवसभर उन्हात. त्याच्यासाठी 649 रुपयांची, 50 ग्रॅमची सनस्क्रीन ऑनलाइन मागवली. पुढे निळा मासा आणि ‘रीफ सेफ’, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळाला अपाय नाही. मागची अक्षरं मुंगीएवढी. मोबाइलवर फोटो काढून मोठा केला, तर चौथंच नाव ऑक्टोक्रायलीन, ऊन अडवणारं रसायन!

कंपनीला मेल टाकला. उत्तर आलं, आमच्यात ऑक्सिबेंझोन (तसलंच दुसरं रसायन) नाही, म्हणून रीफ सेफ. हवाईत 2021 पासून ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट विकायला बंदी आहे, तेवढी दोनच नावं यांनी पाठ केलेली दिसतात. पलाऊ या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशाने 2020 पासून बंदी घातली त्या यादीत ऑक्टोक्रायलीनही आहे. ट्यूब उघडली होती म्हणून पैसे काही मिळाले नाहीत.

मला खटकलं ते प्रवाळापेक्षा माशांमुळे. ऑक्टोक्रायलीन तेलात विरघळतं, म्हणून माशाच्या चरबीत जाऊन बसतं. स्वित्झर्लंडच्या नद्यांतल्या ट्राउट माशांमध्ये ते सापडलंय, आणि तिथे ते आलं शुद्ध करून सोडलेल्या सांडपाण्यातून. म्हणजे आंघोळीत धुतलेलं क्रीमही पाण्यात पोचतं. आणि आमचा पावसाळ्यानंतरचा बांगडा तव्यावर स्वतःचंच तेल सोडतो! बांगडा खाणं सोडलेलं नाही, सोडणारही नाही. पण पाहुणे पाण्यात उतरले की होडीभोवती तवंग पसरतो, तो बघून आता कसंसंच होतं.

मग दुसरी आणली, 20 टक्के झिंक ऑक्साइडची. कणकेसारखी घट्ट, पसरता पसरत नाही. तोंड पांढरंफटक. सासूबाई ओटीवरून म्हणाल्या, “आज खंयच्या जत्रेत नाटक आसा रे?” दशावतारातला राजा दिसत होता खरा. पण दोन तास घाम आणि खारं पाणी सोसून टिकली, डोळ्यांत झोंबली नाही, नाकाची सालं निघायची थांबली. दाढीत मात्र अडकून बसते, साबणाने दोनदा घासावं लागतं. झिंकही पाण्यात निर्धोक असतं असं नाही, प्रयोगशाळेत त्यानेही प्रवाळाला त्रास झालाय.

पाचपैकी साडेतीन तारे झिंकवालीला, पहिलीला अर्धा, तोही झाकण घट्ट बसतं म्हणून. आता नवरा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घालतो, क्रीम फक्त तोंडाला, मानेला आणि पायांच्या वरच्या बाजूला. एक ट्यूब दिवाळीपासून शिमग्यापर्यंत पुरली.