फायबर होडीच्या रंगकामात फसवणूक: डबा सीलबंद आहे का, वजन किती, आधी बघा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर काढून शाकारल्या जातात आणि नारळी पौर्णिमा जवळ आली की सगळ्यांचीच रंगकामाची घाई उडते. याच घाईत बाहेरून आलेल्या एका कंत्राटदाराने मालवणजवळच्या आमच्या वाडीत फायबर होडीवाल्यांना गंडवलं. यंदा तो दुसऱ्या कुठल्यातरी बंदरावर जाणार, म्हणून सगळं लिहितो आहे.

फायबरवरचा जेलकोट, म्हणजे सगळ्यात वरचा चमकदार थर, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. उन्हाने तो मरतो, हात फिरवला की पांढरी भुकटी लागते. तो पुन्हा उजळायला मेहनत लागते. आधी गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, मग ८०० नंबरपासून चढत जात वॉटर पेपरने घासायचं, कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट) लावून बफ मारायचा, शेवटी मेण. यातलं घासकाम या माणसाने केलंच नाही. भुकटीवरच सिलिकॉनचं चमकदार पॉलिश चोपडलं. ताडपत्रीखालची वाळू कोरडी ठणठणीत बघून बाबांनी विचारलं, तर म्हणाला, "काका, आता मशीनने कोरडंच घासतात." वॉटर पेपरचं काम झालं की होडीखाली दुधाळ पाणी साचतं. ते दिसलं नाही, तर घासकाम झालं नाही असंच समजा. थिनरचा बोळा एका कोपऱ्यात फिरवला, तर अशी उसनी चमक तिथल्या तिथे उतरते.

चमक गेली तर एक वेळ सोसता येतं. खरा घाव पाण्याखाली बसला. तिथे अँटीफाउलिंग रंग लागतो. त्यातला तांब्याचा अंश हळूहळू पाण्यात सुटतो, म्हणून कालवं आणि शेवाळ धरत नाही. हा रंग महाग, आणि चोरीला वाव इथेच. डबे नामांकित कंपनीचे होते, पण झाकणं आधीच उघडलेली. "थिनर मिसळून आणलाय," असं सांगण्यात आलं. आत साधा तांबडा ऑइलपेंट होता. हंगाम सुरू झाला आणि होडी जड चालू लागली, डिझेल जास्त जाऊ लागलं. वर काढली तेव्हा बूड कालवांनी भरलेलं. वाडीतल्या जुन्या रंगाऱ्याने खरवडून दाखवलं: खाली प्रायमरचा पत्ता नाही, रंगाचे पापुद्रेच्या पापुद्रे सुटून येत होते.

त्यानेच आम्हाला रंगाची पारख शिकवली. तांब्याचं प्रमाण चांगलं असलेला रंग लिटरला दीड किलोच्या वर भरतो, साधा ऑइलपेंट त्याहून बराच हलका. बाजारातला वजनकाटा आणून डबा तोलायला पाच मिनिटं पुरतात. हा रंग वाळल्यावर सहसा मंद दिसतो. बुडाला आरशासारखी चमक आली, तर तिथेच काम थांबवा. सील तुमच्यासमोर फोडायला लावा आणि रिकामे डबे कंत्राटदाराला नेऊ देऊ नका. आमचे डबे त्याने "भंगारात घालतो" म्हणून उचलून नेले. पुढे कुणाच्या तरी होडीसाठी ते पुन्हा भरले असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

नुकसान तेवढ्यावर थांबलं नाही. सिलिकॉन राहिलेल्या जागी नवा रंग धरत नाही, बारीक खळगे पडतात. म्हणून सगळी बाजू आधी मेणकाढू द्रावणाने पुसून मगच घासावी लागली. ज्याचं घर होडीवर चालतं, त्याचे भर हंगामातले दिवस असे किनाऱ्यावर जातात, याचा मला आजही संताप येतो.

त्या कंत्राटदाराचा फोन आता बंद आहे. होडी धंद्याची, म्हणून ग्राहक आयोगात दाद मिळत नाही असं काहीजण सांगतात. पण २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून स्वतःचा उदरनिर्वाह करणाऱ्याला ग्राहकच धरलं आहे आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. १९१५ या हेल्पलाइनवर माहिती मिळते. फक्त हातात कागद हवा. म्हणून आगाऊ रक्कम देण्याआधी रंगाचं नाव, किती हात देणार आणि प्रायमर कुठला, हे लिहिलेलं सहीचं बिल घ्या. आमच्या वाडीत ते कुणालाच दिलं गेलं नव्हतं.